९,८४० पॉइंट्स, १,२४,४९८ रुपये: सोलापुरातल्या एका क्रेडिट कार्डाचं प्रकरण

हे प्रकरण एका ठरावीक माणसाचं नाही. रिवॉर्ड पॉइंट्सच्या नावाखाली जी फसवणूक सर्रास चालते, तिचा हा नमुना आहे. समजायला सोपं जावं म्हणून रकमा आणि वेळा आम्ही बसवल्या आहेत. फसवणुकीची रीत, नियम आणि सुटकेच्या पायऱ्या मात्र खऱ्या आहेत.

कार्डधारक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले, आठ मागांवर टेरी टॉवेल काढणारे कारखानदार. वय पन्नाशीच्या पुढे. हिशेबाला पक्के, मोबाइलवर मुलाच्या भरवशावर. क्रेडिट कार्डाची मर्यादा १,८०,००० रुपये. कार्ड मुख्यतः सुताच्या खरेदीला वापरलं जायचं, उरलेला खर्च मागाचे सुटे भाग, घरचा किराणा आणि कपडालत्ता. दर १०० रुपयांना एक पॉइंट. दोन वर्षांत ९,८४० पॉइंट्स साठले होते आणि त्यांना एकदाही हात लागला नव्हता.

शनिवारी रात्री ८.३५ ला व्हॉट्सॲपवर निरोप आला. दहा आकडी साधा मोबाइल नंबर, डीपीला बँकेचं बोधचिन्ह. मजकूर असा: तुमचे ९,८५० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री १२ वाजता संपत आहेत, रक्कम थेट खात्यात घेण्यासाठी सोबतचं ॲप घ्या. खाली बँकेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल.

इथे योगायोगाने घात केला. चोरांना या कार्डधारकाच्या पॉइंट्सचा आकडा ठाऊक नव्हता. एकच आकडा हजारो नंबरांवर फेकला जातो, कुणाला तरी तो लागू पडतोच. यांनी मागच्याच आठवड्यात बिलाच्या तळाशी ‘नऊ हजार आठशे काहीतरी’ पाहिलं होतं. आकडा जुळला आणि बाकीचं तपासायची गरज वाटली नाही.

खरं तर त्या आकड्यातच लबाडी उघडी पडत होती. एक पॉइंट म्हणजे एक रुपया, असं फार थोड्या कार्डांवर असतं. सर्वसाधारण कार्डावर तो २० ते २५ पैशांना जातो. यांच्या कार्डावर भाव २५ पैसे. म्हणजे ९,८४० पॉइंट्सचे होतात २,४६० रुपये. ९,८५० रुपये देऊ करणारा निरोप बँकेचा असूच शकत नव्हता, आणि हे कळायला तंत्रज्ञान नको, नुसता भागाकार पुरे.

पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत काय झालं

फाइल उघडताना फोनने दोनदा अडवलं. पहिल्यांदा ‘अज्ञात स्रोताकडून ॲप घेण्याची परवानगी नाही’ असं म्हटलं, दुसऱ्यांदा प्ले प्रोटेक्ट या फोनमधल्या सुरक्षा तपासणीने धोक्याची सूचना दिली. निरोपात त्याची तयारी आधीच होती: ‘सुरक्षा सूचना आल्यास तरीही इन्स्टॉल करा वर दाबा.’ ही एक ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरक्षा बंद करा असं खरी बँक कधीच सांगत नाही. तिचं ॲप प्ले स्टोअरवर असतं, त्यामुळे तिला तसं सांगावंच लागत नाही.

ॲपने तीन गोष्टी मागितल्या: एसएमएस वाचायची परवानगी, एसएमएससाठी मुख्य ॲप होण्याची परवानगी, आणि पार्श्वभूमीत सतत चालू राहण्याची. तिन्हींना होकार गेला. मग एक फॉर्म आला. नाव, मोबाइल, जन्मतारीख, कार्डाचा सोळा आकडी क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे. शेवटचा रकाना होता ‘उपलब्ध लिमिट’.

या शेवटच्या रकान्यापाशी थांबायला हवं होतं. पॉइंट्स द्यायचे असतील तर देणाऱ्याला तुमची उरलेली मर्यादा कशाला हवी? ती घेणाऱ्यालाच हवी असते, कारण किती रकमेची खरेदी मारायची हे त्यावर ठरतं. आधीची थकबाकी ४२,३०० रुपये होती. यांनी इमानदारीने वजाबाकी करून १,३७,७०० लिहिलं.

फॉर्म भरून झाल्यावर पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं, ‘२४ तासांत रक्कम जमा होईल’. फोन बाजूला ठेवून ते जेवायला बसले.

९.१२ ला ४९,९९९ रुपयांचं ई-गिफ्ट व्हाउचर. ९.१४ ला तेवढ्याच रकमेचं दुसरं. ९.१९ ला एका वॉलेटमध्ये २४,५०० रुपये. ९.२१ ला आणखी १८,००० चा प्रयत्न, तो मर्यादा अपुरी म्हणून नाकारला गेला. एकूण १,२४,४९८ रुपये, सात मिनिटांत.

व्हाउचर आणि वॉलेटच का? टीव्ही मागवला तर पत्ता लागतो, डिलिव्हरी अडवता येते. व्हाउचर म्हणजे नुसता एक आकडा. तो दोन मिनिटांत ईमेलवर येतो आणि पाचव्या मिनिटाला कमी भावात कुणाला तरी विकला जातो.

ओटीपी यांनी कुणालाच सांगितला नाही. चार ओटीपी आले, चारही नव्या ॲपने वाचले आणि इंटरनेटवरून पुढे पाठवले. तेच ॲप एसएमएसचं मुख्य ॲप झाल्यामुळे फोन वाजलासुद्धा नाही. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ ही सूचना आपण सगळे पाठ म्हणतो. इथे ती अक्षरशः पाळली गेली आणि तरी पैसे गेले.

सुगावा लागला तो ईमेलमुळे. कार्डावर नोंदवलेला ईमेल मुलाचा होता.

“पप्पा, व्हाउचर कशाला घेतलं एवढ्याचं?”

“कसलं व्हाउचर? मी जेवतोय की.”

तेव्हा ९.४० वाजले होते.

पुढचा अर्धा तास

९.४६ ला मुलाच्या फोनवरून बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड बंद केलं. क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूवरून घेतला. हे महत्त्वाचं आहे, कारण घाबरलेला माणूस बँकेचा नंबर सर्च करायला जातो आणि तिथे दुसरी टोळी खोटे कस्टमर केअर नंबर टाकून बसलेली असते. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून घेतली. पुढे सगळा वाद याच वेळेवर उभा राहतो.

मग फोन. पहिली उबळ येते ती ॲप काढून टाकण्याची किंवा फोन फॉरमॅट मारण्याची. ते दोन्ही नंतर. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि वायफायही बंद आहे ना हे वेगळं बघायचं, कारण काही फोनवर ते चालूच राहतं. त्यानंतर सिम काढून घरातल्या एखाद्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घालायचं. यामुळे दोन कामं होतात: चोराला ओटीपी मिळणं थांबतं, आणि बँकेचे व पोलिसांचे एसएमएस तुम्हाला मिळू लागतात. सिम नुसतं काढून टेबलावर ठेवलं तर दुसरं काम होत नाही. त्याच साध्या फोनवरून ##००२# डायल केलं की कॉल कुठे वळवलेले असतील तर तेही रद्द होतात.

९.५२ ला १९३० ला फोन लागला. हा गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे यंत्रणेचा देशभराचा क्रमांक. विचारलं जातं ते हे: नाव, पत्ता, कार्ड कोणत्या बँकेचं, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक. व्यवहार क्रमांक ईमेलच्या सूचनेत होते म्हणून एका कॉलमध्ये काम झालं. ते नसते तर बँकेला पुन्हा फोन करून विचारावे लागले असते. पोचपावती ज्या मोबाइलवर येते तो नंबर मुलाचा दिला. बाधित फोनचा दिला असता तर पोचही चोराने वाचली असती. १९३० व्यस्त लागला तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर हीच तक्रार नोंदवता येते.

त्यानंतर ज्या दोन ठिकाणी पैसे गेले, त्या व्हाउचर विकणाऱ्या कंपनीला आणि वॉलेटला त्यांच्या ॲपमधूनच तक्रार केली. पोलिसांनी कळवलंय ना, मग आपण कशाला, असं वाटतं. पण रात्री दहा वाजता एका व्हाउचरचा आकडा अजून वापरला गेला नव्हता, आणि तो थांबला तो या थेट तक्रारीने.

आता पुरावा. मुलाच्या फोनने बाधित फोनच्या पडद्याचे फोटो काढले: व्हॉट्सॲपचा निरोप आणि नंबर, फाइलचं नाव, ॲपच्या यादीतलं त्याचं नाव, दिलेल्या परवानग्या. असं ॲप आपलं चिन्ह लपवतं, म्हणून ते मुख्य पडद्यावर न शोधता सेटिंग्जमधल्या पूर्ण यादीत शोधावं लागतं. काढताना ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलेला असतो. तो आधी सुरक्षा सेटिंग्जमध्ये काढून घ्यायचा. फोन पूर्ण फॅक्टरी रीसेट केला सोमवारी, पोलिसांना दाखवून झाल्यावर. यूपीआय पिन, नेटबँकिंग आणि ईमेलचे पासवर्ड बदलले ते दुसऱ्या फोनवरून.

सोमवारी सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. १९३० वरची नोंद म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. त्यासाठी वेगळा पाठपुरावा लागतो. सोलापूर शहर आयुक्तालयाखाली आहे, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडची मंडळी ग्रामीण पोलिसांकडे येतात. हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, तिची आठवण शांतपणे करून द्यावी. कलमं सहसा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी आणि भारतीय न्याय संहितेची ३१८ व ३१९ ही लागतात.

बँकेशी झालेला वाद

नवव्या दिवशी न वापरलेल्या व्हाउचरचे ४९,९९९ रुपये कार्डावर परत आले. वॉलेटमध्ये ११,३०० रुपये शिल्लक सापडले, ते गोठवले गेले. गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. पोलिसांचा अहवाल आणि बहुतेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. राहिले ६३,१९९.

त्याबद्दल बँकेचं पहिलं उत्तर चार ओळींचं होतं. व्यवहार योग्य ओटीपीने झाले आहेत, म्हणून जबाबदारी ग्राहकाची.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. चिडून लिहितात की मी कुणाला काहीच दिलं नाही. ते खरं नसतं. कार्ड क्रमांक आणि मागचे तीन आकडे यांनी स्वतः फॉर्मात भरले होते. खोटं एकदा उघडं पडलं की उरलेलं खरंही कुणी ऐकत नाही. म्हणून दुसरं पत्र जसं घडलं तसं लिहिलं: कार्डाचा तपशील फसव्या ॲपमध्ये भरला गेला, ओटीपी मात्र दिला नाही, तो ॲपने परस्पर वाचला.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले नियम या वादात मधोमध येतात. त्यातली मांडणी अशी. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरीही बोजा शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक कमाल रकमेपर्यंत, पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला ती १०,००० रुपये. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ पेमेंटचा तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं.

म्हणजे या प्रकरणात बाजू भक्कम नव्हती, हे मान्य करायला हवं. तिन्ही व्यवहार कळवण्याच्या आधीचे होते. तरी पत्रात तीन मुद्दे टिकणारे होते. पहिला, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. ‘ओटीपी बरोबर होता’ एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होतो का, हाच तर वादाचा प्रश्न. दुसरा, दोन वर्षं ज्या कार्डावर सूत आणि सुटे भाग यांपलीकडे मोठं काही नव्हतं, त्यावर शनिवारी रात्री सात मिनिटांत तीन व्हाउचर-वॉलेट व्यवहार झाले. बँकेच्या जोखीम यंत्रणेने पहिल्यानंतर थांबून विचारलं का नाही? तिसरा, तक्रारीपासून दहा कामाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती जमा दाखवणं आणि ९० दिवसांत निकाल देणं, हे दोन्ही वेळापत्रक बँकेने पाळलं का?

चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागण्याचा अर्जही दिला, पण त्यावर भिस्त ठेवली नाही. ओटीपीने झालेल्या व्यवहारात ‘मी केलाच नाही’ या कारणाचा चार्जबॅक सहसा टिकत नाही. तो चालतो तो माल न मिळणं, दोनदा पैसे कापले जाणं अशा ठिकाणी.

दरम्यान बिल आलं. वादातल्या रकमेपायी सगळंच बिल थांबवणं ही दुसरी नेहमीची चूक. स्वतःच्या खर्चाचे ४२,३०० रुपये वेळेत भरले, आणि फसवणूक म्हणून वादात असलेल्या व्यवहारांवर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही, हा क्रेडिट कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांतला मुद्दा ईमेलने कळवला. एका महिन्याचं व्याज तरीही लागलंच. ते लेखी तक्रारीनंतर उलटवलं गेलं.

३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही, तक्रार ऑनलाइन होते, चौकशीला १४४४८ हा क्रमांक आहे. मुख्य अट ही की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. या नमुन्यात प्रकरण तिथवर जाण्याआधी बँकेने ३१,००० रुपये सद्भावना म्हणून सोडले आणि बाकी ग्राहकाच्या माथी राहिले. असे निम्मे-निम्मे शेवट होतात. पूर्ण रक्कम परत मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तो याच धंद्याचा दुसरा अंक समजावा.

एक सेटिंग

सुताची सगळी खरेदी दुकानात मशीनवर होत होती. ऑनलाइन व्यवहार दोन वर्षांत एकच, मुलाची परीक्षा फी. त्यासाठी ऑनलाइन वापर चालू केला गेला आणि तो पूर्ण मर्यादेला तसाच राहिला. २०२० पासून प्रत्येक कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून देण्याचे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय बँकांना द्यावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन मर्यादा ५,००० वर ठेवलेली असती, तर कार्ड क्रमांक, तीन आकडे, ओटीपी सगळं चोराच्या हाती असूनही ९.१२ चा पहिलाच व्यवहार नाकारला गेला असता. बदल करायला एक मिनिट लागतं.

निरोप ओळखण्याच्या खुणांपैकी दोनच इथे सांगतो. बँकेचा एसएमएस दहा आकडी नंबरावरून येत नाही, अक्षरी नावावरून येतो आणि त्या नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी असतं: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकारी. दुसरी खूण पत्त्याची. भारतातल्या बँकांच्या संकेतस्थळांसाठी डॉट बँक डॉट इन हा राखीव शेवट आहे. पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेषेपर्यंत जायचं आणि तिथून उलटं वाचायचं. ‘बँक डॉट इन’ मध्येच कुठेतरी असेल आणि रेषेआधीचा शेवट दुसराच असेल, तर पत्ता खोटा. संशयास्पद निरोप संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवता येतो.

सुपरमार्केट, पेट्रोल पंप, विमान कंपनी यांच्या पॉइंट्सची चोरी वेगळ्या वाटेने होते. तिथे लॉगिनच पळवलं जातं, कारण लोक एकच पासवर्ड सगळीकडे ठेवतात. बिल काउंटरवर मोबाइल नंबर मोठ्याने सांगून पॉइंट्स जमा करायला हरकत नाही. पॉइंट्स खर्च करण्याचा ओटीपी मात्र स्वतः बघितल्याशिवाय कॅशियरलाही देऊ नये.

मुळात ते पॉइंट्स केवढ्याचे होते

सूत व्यापारी कार्डाने पैसे घेताना मशीनचे म्हणून दोन टक्के वरती लावत होता. दोन वर्षांत ६ लाखांचं सूत कार्डावर घेतलं, म्हणजे १२,००० रुपये वरकड गेले. त्यातून मिळाले ६,००० पॉइंट्स, किंमत १,५०० रुपये. महिनाभर बिनव्याजी उधारी मिळाली हा फायदा धरायलाच हवा. वर्षाला १२ टक्के दराने तो ६,००० होतो. तरीही साडेचार हजारांचा घाटा. पॉइंट्स परवडतात ते जिथे रोख आणि कार्डाचा भाव एकच असतो तिथे, म्हणजे किराणा, कपडे, मॉल. इंधन, भाडं, वॉलेट भरणं यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट्स मिळतच नाहीत.

आणि एखाद्या महिन्यात ४२,३०० च्या बिलापैकी फक्त किमान रक्कम भरली, तर महिना साडेतीन टक्क्यांनी सुमारे १,४८० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. दोन वर्षांच्या पॉइंट्सची निम्म्याहून जास्त कमाई एका आळसात जाते.

कार्ड बंद झालं तरी पॉइंट्स बुडाले नव्हते. बहुतेक बँकांत ते कार्डाला नसून खात्याला चिकटलेले असतात आणि बदली कार्डावर येतात. नवं कार्ड आल्यावर बाप-लेकांनी बँकेचंच ॲप उघडलं, रिवॉर्ड्सच्या पानावर गेले. ९,८४० पैकी ३,२०० येत्या मार्चमध्ये संपणार होते, तेही तिथेच लिहिलेलं होतं. मिक्सर, ट्रॉली बॅग असल्या वस्तूंच्या यादीत पॉइंटचा भाव २० पैशांच्या आसपास पडत होता, म्हणून बिलात वळते करण्याचा पर्याय निवडला. मागणी एकदाच टाकली, कारण प्रत्येक मागणीला ९९ रुपये आणि जीएसटी असे ११६.८२ कापले जातात. पुढच्या बिलात २,३४३.१८ रुपये वजा झाले. तीन मिनिटांचं काम होतं.